पाठ टेकण्यापुरती जागा

गेल्या मे महिन्यात मी खिशात सुताराचा टेप घालून नाशिकमधली बाकडी मोजत हिंडत होतो. सकाळी फिरायला निघालेले ओळखीचे लोक थांबून विचारत, ‘काय सर, महापालिकेचं काम घेतलंत की काय?’ एका बसथांब्याशेजारच्या चहावाल्याने तर मला ठेकेदाराचा माणूस समजून गाऱ्हाणेच घातले. ‘साहेब, हे मधले दांडे काढा. म्हाताऱ्या बाईला शेजारी पिशवी ठेवून बसता येत नाही.’ मग ते बसवले कशाला, असे मी विचारले. दूध ओतता ओतता तो म्हणाला, ‘रात्री कोणी आडवं पडू नये म्हणून. दुसरं काय?’

एवढीच गोष्ट समजावून द्यायला मी वाचत असलेल्या इंग्रजी पुस्तकांनी दोन-दोन प्रकरणे खर्ची घातली होती.

मोजणीतून जे हाती लागले ते साधे आहे. सहा फुटी बाकाला दोन-दोन फुटांवर लोखंडी हात बसवले की तीन माणसे बसू शकतात, पण एकही माणूस आडवा होऊ शकत नाही. थांब्यावरची बैठक सपाट फळीऐवजी दोन गोल नळ्यांची केली आणि तिला जरासा पुढे उतार दिला, की माणूस बसतो, पण पाच-दहा मिनिटांच्या वर नाही. पाय रोवून स्वतःला सावरत राहावे लागते. दुकानांच्या, बँकांच्या पायऱ्यांवर तिरक्या पट्ट्या किंवा ग्रॅनाइटचे उंचवटे येतात. पुलाखाली मोठे दगड सिमेंटात रोवले जातात. यातल्या कोणत्याही वस्तूवर ‘येथे झोपू नये’ अशी पाटी नसते. पाटी असती तर तिच्याशी भांडता आले असते. ती कोणी लावली, कोणत्या ठरावाने लावली, हे विचारता आले असते. इथे नियम वस्तूच्या आकारात मुरलेला असतो आणि ज्याची पाठ त्या वस्तूला लागते त्यालाच तो वाचता येतो. मला दोन वर्षे रोज त्या थांब्यावर उभे राहूनही तो दिसला नव्हता, याचे कारण मला रात्री घरी जायचे असते.

इंग्रजीत अशा रचनेला ‘शत्रुत्वाची’ किंवा ‘बचावात्मक’ म्हणतात. मला दोन्ही विशेषणे जड वाटतात. आपल्याकडे यासाठी एक घरगुती क्रियापद आहे : हुसकावणे. कोंबडी हुसकावतात, दारातले कुत्रे हुसकावतात. म्हणून या लेखापुरते मी हिला ‘हुसकावणारी रचना’ म्हणतो. ती कोणाला मारत नाही, पकडत नाही, शिवीही देत नाही. ‘इथे नको, पुढे जा’ एवढेच म्हणते. पुढे म्हणजे कुठे, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही.

आपल्या जुन्या बांधकामात याच्या नेमक्या उलट्या दिशेचे कितीतरी शब्द आहेत : ओटा, ओसरी, पडवी, पार, चावडी, पाणपोई, धर्मशाळा. जुन्या नाशकात सराफ बाजारापासून गोदाकाठापर्यंत उतरत जाणाऱ्या गल्ल्यांत अजून काही वाड्यांचे ओटे शिल्लक आहेत. घराची जागा संपते आणि रस्त्याची सुरू होते त्या सीमेवर मालकाने स्वतःच्या खर्चाने दगड घालून परक्यासाठी केलेली ती बैठक. गोदाघाटाच्या पायऱ्या हा त्याचाच मोठा अवतार. घाटाच्या पायरीला हात नसतात, पाठ नसते, आसनक्रमांक नसतो. त्यावर स्नान होते, पिंडदान होते, बुधवारचा बाजार भरतो आणि रात्री माणूस अंगावर चादर ओढून पडतो. दगडाला त्याची तक्रार नसते.

पण इथे लगेच थांबायला हवे, नाहीतर हा लेख जुन्या दिवसांच्या आठवणींत विरघळून जाईल. ओटा सर्वांसाठी नव्हता, पार सर्वांचा नव्हता. याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या मेहनतीवर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रहींच्या तोंडावर मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. तो लढा पुढे काही वर्षे चालला. दरवाजा हाही रचनेचाच भाग आहे. फरक इतकाच की १९३० साली दरवाजा लावणारा समोर उभा होता आणि त्याला आपण काय करतो आहोत हे सांगावे लागत होते. ज्या समाजाला माणसाच्या सावलीपासूनही ओटा जपण्याची सवय होती, त्याला बाकाला दांडा बसवण्याची कल्पना पाश्चात्त्यांकडून शिकावी लागली असे मानायचे कारण नाही.

या परंपरेतला अपवाद म्हणून गाडगे महाराज आठवतात. अंगावर चिंध्या, हातात गाडगे, मुक्काम मिळेल तिथे, असा हा माणूस. आजच्या कायद्याच्या भाषेत बेघर आणि भिक्षेकरीच. त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या, आणि त्यासाठीचा पैसा कीर्तनातून उभा राहिला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. हुसकावणाऱ्या रचनेला कलेने काय उत्तर द्यावे, असा विषय असलेल्या लेखात मी गाडगे महाराजांना आणतो ते भक्तिभावाने नाही. कीर्तन ही कला आहे, धर्मशाळा ही रचना आहे, आणि एकीतून दुसरी उभी करणारा हा कलावंत स्वतः रस्त्यावर राहत होता, हे तिन्ही एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडते.

आता ज्या कलाकृतींमुळे हा विषय जगभर चर्चेत आला त्यांच्याकडे वळू.

क्रिस्टॉफ वोडिच्को हा मूळचा वॉर्साचा कलावंत. १९८८-८९ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘होमलेस व्हेइकल’ नावाची गाडी तयार केली. रस्त्यावरचे डबे-बाटल्या वेचून जगणाऱ्या बेघर माणसांशी बसून, त्यांच्या गरजा विचारून तिचा आराखडा झाला : वेचलेला माल ठेवायला जागा, रात्री लांब होऊन झोपायला नळकांडे, हातपाय धुण्याची सोय. दिसायला ती अर्धी हातगाडी आणि अर्धे क्षेपणास्त्र. हा बेघरपणावरचा उपाय आहे असा दावा वोडिच्कोने केला नव्हता. दुकानातली ढकलगाडी ओढत जाणारा माणूस लोकांना दिसेनासा झाला होता. ही गाडी ओढणारा माणूस दिसल्यावाचून राहत नव्हता. हे वाचताना मला मुंबईच्या मशीद बंदरातल्या हातगाड्या आठवल्या. दिवसभर माल ओढायचा आणि रात्री त्याच गाडीवर पथारी टाकायची, हे आपल्या हमालांनी कोणत्याही कलावंताला न विचारता कधीच साधले होते. फक्त त्याला कोणी कलाकृती म्हटले नाही.

मायकल राकोविट्झ याचे ‘पॅरासाइट’ मला या सगळ्यांत जास्त बुद्धिमान वाटते. अमेरिकेच्या थंड शहरांत मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेतून गरम हवा बाहेर फेकली जाते. बेघर माणसे त्या झरोक्यांजवळ झोपत, म्हणून झरोके तिरपे करण्यात आले. १९९८ च्या सुमारास राकोविट्झने प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टी यांपासून दुहेरी भिंतीचे तंबू बनवायला सुरुवात केली. तंबूची नळी झरोक्याला जोडली की फेकलेल्या हवेनेच तो फुगतो आणि गरमही राहतो. प्रत्येक तंबू त्यात राहणाऱ्याच्या सांगण्यावरून बेतलेला. न्यूयॉर्कमध्ये साडेतीन फुटांहून उंच उभारणी तंबू ठरते आणि बेकायदा होते, म्हणून एका माणसासाठी त्याने त्याहून बुटका, झोपण्याच्या पिशवीसारखा निवारा बेतला. कायद्याने उंचीची रेघ मारली, तर कलावंताने त्या रेघेखाली सरपटत जागा काढली. ‘बांडगूळ’ हे नावही त्याने मुद्दाम घेतले. ज्या इमारतीने माणसाला झटकून टाकले तिचाच श्वास तो ओढून घेतो आहे.

लॉस एंजेलिसमध्ये सारा रॉस हिने २००५-०६ मध्ये ‘आर्किसूट’ शिवले. हे फोमच्या गाद्या लावलेले कपडे. बाकाला जिथे दांडा असेल तिथे कपड्याला खाच आणि जिथे खड्डा असेल तिथे फुगवटा, म्हणजे कपडा घालून बाकावर आडवे झाले की शरीर कुलपात किल्ली बसावी तसे बसते. पाहताना हसू येते आणि मग आपण कशाला हसतो आहोत हे लक्षात येते. पॅरिसमध्ये जील पाते आणि स्तेफान अर्जिले यांनी २००३ साली एक छोटा चित्रपट केला. त्यात एक माणूस शहरातल्या प्रत्येक न-बसण्याजोग्या जागेवर, म्हणजे खिळ्यांवर, तिरप्या कठड्यावर, अणकुचीदार पट्टीवर, निवांत बसण्याचा आणि पडण्याचा प्रयत्न करतो. चित्रपटाचे नाव ‘फकिराची विश्रांती’. खिळ्यांच्या गादीवर झोपणारा फकीर ही युरोपने आपल्याकडून उचललेली प्रतिमा. नाशिककराला मात्र ती परकी नाही. सिंहस्थात काट्यांवर पहुडलेल्या साधूभोवती दर्शनाची आणि मोबाइलची गर्दी त्याने पाहिलेली असते. काट्यावर स्वेच्छेने झोपणाऱ्याच्या पुढ्यात नोटा पडतात, आणि ज्याला सपाट फरशीवर झोपायचे आहे त्याच्यासाठी आपण काटे आणून बसवतो. पाते आणि अर्जिले यांना हा विनोद बहुधा इतका खोलवर ठाऊक नसावा.

लंडनमध्ये २०१४ च्या उन्हाळ्यात एका आलिशान इमारतीच्या दाराशी बसवलेल्या लोखंडी खुंट्यांचे छायाचित्र पसरले आणि शहराच्या महापौरापर्यंत सगळ्यांनी त्यांचा निषेध केल्यावर त्या उखडल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी शोर्डिच भागात काही कलावंतांनी अशाच खुंट्यांवर गादी अंथरली आणि बाजूला पुस्तकांचे कपाट ठेवले. बोर्नमथमध्ये स्टुअर्ट सेम्पल याने २०१८ साली बाकांवरच्या दांड्यांविरुद्ध मोहीम काढली, अशा रचनांवर चिकटवायला ‘हुसकावणारी रचना’ अशा अर्थाचे स्टिकर काढले, आणि तिथल्या पालिकेने दांडे काढले. स्टिकरची युक्ती साधी पण अचूक आहे. जी पाटी लावण्याचे टाळले गेले होते, ती कलावंताने लावली.

बँक्सीचे काम या सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिले. २०१९ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅममधल्या एका बाकाशेजारच्या भिंतीवर त्याने उडती रेनडियर रंगवली. बाकावर एक बेघर माणूस पाठपिशवी डोक्याखाली घेऊन आडवा झाला की बाक ही नाताळबाबाची गाडी होते. चित्रफीत लाखोंनी पाहिली. थोड्याच वेळात कोणी तरी हरणांना लाल नाके काढली, आणि मग चित्र खराब होऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक आवरण बसवण्यात आले. या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. चित्राला एका दिवसात संरक्षण मिळाले. त्याखाली झोपणाऱ्याला मिळाले का, हा प्रश्न विचारायला गेलेले लोक चित्राचे फोटो काढून परतले.

आपल्याकडे जी घटना सर्वाधिक गाजली तिच्यात कलावंत कोणीच नव्हता. मार्च २०१८ मध्ये मुंबईच्या फोर्टमधील एचडीएफसी बँकेच्या शाखेबाहेरच्या ओट्यावर लोखंडी खिळ्यांच्या रांगा दिसल्या. एका परदेशी वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने त्यांचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकले, संतापाची लाट उठली आणि काही दिवसांत बँकेने ते काढले. नूतनीकरणाच्या कामात बसवले गेले होते, असा खुलासा आला. एक छायाचित्र, एक वाक्य, आणि लोखंड निघाले. यश म्हणावे तर हे यश आहे. पण खिळे आणि बाकावरचा दांडा यांत मला खिळे कमी धोकादायक वाटतात, कारण खिळे पाहून संताप येतो. दांडा पाहून, हात टेकायला बरा आहे, असे वाटते. संतापाला टोक लागते. गोलाई दिलेल्या क्रूरपणावर तो घसरून जातो.

आणि इथे कलेविषयीची एक अप्रिय गोष्ट लिहायला हवी. परदेशी उदाहरणे वाचत गेलो तर कला म्हणजे बेघरांच्या बाजूची, असे वाटू लागते. आपल्या शहरांत कला बहुधा दुसऱ्या बाजूला कामाला असते. जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकतात म्हणून तिथे गणपती, साईबाबा, क्रूस आणि काबा यांच्या फरशा एका ओळीत बसवलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. सर्वधर्मसमभावाचे इतके कार्यक्षम रूप दुसरीकडे आढळणार नाही! भिंतीवर महापुरुषाचे चित्र काढले की तिच्या पायथ्याशी कोणी पथारी टाकत नाही. टाकली तर तो महापुरुषाचा अवमान होतो आणि त्याला उठवणाऱ्याला पुण्य लागते. उड्डाणपुलाखाली कुंड्या, कारंजे, रंगीत दिवे, ‘आय लव्ह’ अमुक शहर अशी अक्षरे येतात आणि त्याला सुशोभीकरण म्हणतात. माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखाली २०१६ साली नानालाल मेहता उद्यान खुले झाले. त्यातली पायवाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेत जाते. रहिवाशांनी चिकाटीने मिळवलेले हे उद्यान खरोखर देखणे आहे आणि मी तिथे आनंदाने फिरलो आहे. पण उद्यानाला कुंपण असते आणि रात्री ते बंद होते. पुलाखालची कोरडी, छप्पर असलेली जागा रात्री बंद झाली, की ज्याला पावसात दुसरे छप्पर नाही त्याच्या दृष्टीने तिथे खिळे आहेत की नर्मदा, याने काय फरक पडतो? अडचण अशी आहे की खिळ्यांविरुद्ध लिहिता येते. नर्मदेविरुद्ध कोण लिहिणार?

मग मराठी मुलखात दुसऱ्या बाजूची कला नव्हतीच का? होती, पण तिने बाकाला हात घातला नाही, थेट घराला घातला.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात माणसे बसमध्ये भरून शहराबाहेर नेण्यात आली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि स्वतः पदपथावर राहणारे काही जण न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला : जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे वाक्य पाठ असते. त्याच निकालाने पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला आणि फक्त पावसाळा उलटेपर्यंत मुदत दिली, हे पुष्कळदा विसरले जाते. त्याच वर्षी आनंद पटवर्धनांचा ‘हमारा शहर’ आला. झोपड्या पाडणारी पालिका, त्या पाडल्या जाव्यात म्हणून बोलणारे सुखवस्तू नागरिक आणि पाडलेल्या जागी पुन्हा बांबू रोवणारी माणसे, हे सगळे त्याने एका चौकटीत आणले. शहर स्वच्छ दिसले पाहिजे असे म्हणणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा जितका वेळ थांबतो, तितका वेळ मराठी कादंबरीही सहसा थांबलेली नाही.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती भायखळ्याच्या बायकांची कृती. तिथल्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांना घेऊन ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ साली पदपथवासीयांची मोजणी केली. तिच्या अहवालाचे नाव होते ‘आम्ही, अदृश्य’ अशा अर्थाचे. पुढच्या वर्षी ‘महिला मिलन’ उभी राहिली. त्या बायकांना विचारण्यात आले, तुम्हाला घर कसे हवे? उत्तर तोंडी देण्याऐवजी त्यांनी घरेच बांधून पाहिली, पूर्ण आकाराची नमुनाघरे, कापडाची आणि पुठ्ठ्याची. मापे घेतली साडीच्या लांबीने. आत शिरायचे, स्वयंपाकाला बसून पाहायचे, मूल कुठे निजेल ते पाहायचे, आणि भिंत सरकवायची. यातून चौदा फूट उंचीचे, पोटमाळ्याचे घर ठरले, कारण जमीन थोडी असली तरी हवेत वाढता येते. पुढे मानखुर्दला मिलन नगरमध्ये पदपथावरची कुटुंबे अशाच पोटमाळ्याच्या घरांत राहायला गेली. त्या कापडी घरांचे प्रदर्शन कोणत्या कलादालनात भरले असते, तर आज आपण त्याला मांडणशिल्प म्हटले असते आणि त्यावर प्रबंध झाले असते. वोडिच्कोची गाडी यानंतरची आहे, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

कलावंतांपैकी तुषार जोग यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईच्या या कलावंताने ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ नावाचे एक काल्पनिक सार्वजनिक बांधकाम खाते काढले. खात्याचे सगळे अधिकारी तेच. लोकलला बाहेर लटकणाऱ्या प्रवाशांसाठी त्यांनी डब्याला चिकटून राहण्याचे एक साधन तयार केले आणि सरकारी गांभीर्याने सादर केले. व्यवस्था माणसासाठी जागा करणार नसेल, तर जागेच्या अभावालाच बसेल असे अवजार माणसाला द्यायचे. हा सारा रॉसच्या कपड्यांचाच विचार आहे, पण चर्चगेट-विरार मार्गावर उगवलेला. जोग २०१८ मध्ये अकाली गेले. त्यांच्या खात्याने नाशिकच्या बसथांब्याला काय दिले असते, याची कल्पना करत मी त्या नळ्यांवर पुष्कळ वेळ काढला आहे.

साहित्यात तर बेघर माणूस आपल्याकडे केंद्रस्थानी आहे, आणि त्यात नाशिकचा वाटा मोठा. मराठी रंगभूमीवरचा सर्वांत प्रसिद्ध बेघर माणूस नाशिकमध्ये राहणाऱ्या कुसुमाग्रजांनी उभा केला. १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले तेव्हापासून अप्पासाहेब बेलवलकरांच्या घराच्या याचनेवर महाराष्ट्र रडतो आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते स्वगत म्हणणाऱ्या मुलांना आम्ही बक्षिसे दिली आहेत. पण बेलवलकरांना शेवटी आसरा मिळतो तो एका बूटपॉलिशवाल्या पोराजवळ, म्हणजे रस्त्यावर, हा तपशील आमच्या अश्रूंतून निसटतो. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांनी तो निसटू दिला नाही. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या त्यांच्या १९६३ च्या संग्रहातल्या शीर्षककथेचा नायक नोकरीच्या गावी राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती उघड झाल्यावर मार खातो. बेलवलकरांचे घर मुलांनी घेतले. बागुलांच्या नायकाला ते मुळातच नाकारलेले आहे. पहिल्यासाठी रडणे सोपे जाते. नारायण सुर्व्यांचे प्रकरण आणखी वेगळे. तान्हेपणी मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल एका गिरणी कामगाराने घरी नेले नसते, तर मराठी कविता कशाला मुकली असती, हे आपण जाणतोच.

रस्त्यावरच्या कलेला आपला कायदा काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा मुंबई कायदा महाराष्ट्रात लागू आहे. त्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे यांच्या मिषाने घेतलेले दानही भीक ठरते. उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणे किंवा थांबणेही त्यात येऊ शकते. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला यांच्यावर दिवाळी अंकांतून आपण हळवे लेख लिहितो. कायद्याच्या पुस्तकात ते आरोपी होऊ शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली शिक्षेची कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. बाकावरचा दांडा म्हणजे या कायद्याचेच लोखंडी भाषांतर.

नाशिकमध्ये रात्री उघड्यावर झोपणारा कोण असतो? सगळेच भिक्षेकरी नसतात. पावसाळा सरला की सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, हरसूलकडची आदिवासी कुटुंबे द्राक्षबागांच्या आणि बांधकामांच्या कामाला उतरतात. कामाच्या जागी निवारा मिळाला तर ठीक, नाहीतर मोकळे मैदान, पुलाखालची जागा, बंद दुकानाची पायरी. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभे राहायचे असते, म्हणून रात्र नाक्याजवळच काढायची. ज्या हातांनी शहराचे मनोरे उभे राहतात आणि निर्यातीची द्राक्षे खुडली जातात, त्यांचे घर आहे, पण ते साठ-सत्तर किलोमीटरवर आहे आणि तिथे काम नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली; महाराष्ट्रात ती सुमारे २ लाख १० हजार भरली. एका रात्रीत झालेल्या मोजणीत असा हंगामी माणूस किती सापडतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष सांगतो की दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० माणसांसाठी कायमस्वरूपी, बाराही महिने चोवीस तास उघडा निवारा हवा आणि प्रत्येकाला ५० चौरस फूट जागा हवी. २०११ साली नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. म्हणजे चौदा-पंधराशे माणसांची सोय हा जुन्या आकड्यांवरचा किमान हिशेब. बाकावर आडवा होणारा माणूस माझ्या टेपने मोजला तर नऊ चौरस फूट मागतो.

शहराला हे जमत नाही असे कोणी म्हणू नये. दर बारा वर्षांनी तपोवनात साधुग्राम उभे राहते. काही महिन्यांत रस्ते, वीज, पाणी, शौचालये आणि तंबू तयार होतात. ज्यांचा पत्ता नाही, शिधापत्रिका नाही, ज्यांनी घर सोडले आहे अशा हजारो माणसांना शहर अंथरूण देते आणि त्यांच्या येण्याने स्वतःला पावन मानते. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, पूल, रस्ते, बसथांबे यांची कामे निघाली आहेत. म्हणजे बाकांचीही निघणार. निविदेच्या कागदात बाकाचे चित्र असते, मापे असतात आणि मधल्या दांड्यांची संख्याही असते. तो कागद मागून घेणे, तो मोठा करून एखाद्या कलादालनाच्या भिंतीवर टांगणे आणि त्याखाली तसेच बाक ठेवून येणाऱ्यांना त्यावर आडवे व्हायला सांगणे, हे काम इथल्या कला महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. मी दोघांना सुचवले. एकाने हसून विषय बदलला. दुसरी म्हणाली, ‘सर, आधी मीच एक रात्र त्या थांब्यावर काढून बघते.’

ती गेली नाही. घरच्यांनी जाऊ दिले नाही. पण तिने दुसरे काही केले. तिने त्या नळ्यांच्या बैठकीवर कागद ठेवून पेन्सिलने ठसे घेतले, जसे आपण लहानपणी नाण्याचे घ्यायचो. मग रामकुंडाजवळच्या पायरीचे ठसे घेतले. दोन्ही कागद माझ्या टेबलावर आहेत. पहिल्यावर दोन सरळ रेघा आहेत. दुसऱ्यावर छिन्नीचे घाव, झिजेचे खळगे आणि मध्ये एक उथळ, रुंद, बशीसारखा खोलगा आहे, जो कोणी कोरलेला नाही.